कुटुंबासाठी जुनी कॅम्पर गाडी घेताना: आधी आरसी, मग पत्रा, सोफा सगळ्यात शेवटी

जुनी कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेली गाडी, बघायला गेलं की मालक आधी मागचं दार उघडतो. एलईडी पट्ट्या लागतात, सोफा ओढला की पलंग होतो, पोरं वरच्या बंकवर चढून बसतात, आणि घरातल्या निम्म्या लोकांचं ठरून जातं. खरं तर त्या गाडीतला सगळ्यात स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग तोच. पटला नाही तर चांगला सुतार महिन्याभरात आतलं घर पुन्हा उभं करून देतो. चुकीची आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), आतून कुजलेला पत्रा आणि चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, न पेलणारं वजन या तीन गोष्टी मात्र नंतर दुरुस्त होत नाहीत, किंवा झाल्या तरी गाडीच्या किमतीएवढा खर्च काढतात. म्हणून या लेखातला तपासणीचा क्रम मालक दाखवतो त्याच्या उलटा आहे.

सातारा-सांगलीत काय विकायला येतं

तयार, कंपनीमान्य कॅम्पर आपल्याकडे कमीच. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज पट्ट्यात विकायला निघते ती बहुतेक वेळा टुरिस्टला चाललेली फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर. सीट काढून स्थानिक वर्कशॉपमध्ये प्लायचं काम केलेलं असतं. अधूनमधून निवृत्त रुग्णवाहिका किंवा स्कूल बस दिसते. पुण्या-मुंबईहून शूटिंगची जुनी व्हॅनिटी व्हॅनही येते.

व्हॅनिटी व्हॅन कुटुंबासाठी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती उभी राहण्यासाठी बनवलेली असते. मोठा एसी, जनरेटर, आरसे, आणि मागे बसून प्रवास करायला एकही धड सीट नाही.

ट्रॅव्हलर आणि विंगर यांतला मुख्य फरक ओढीचा. ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर ओढते, विंगर पुढच्या. कॅम्परचं वजन साहजिकच मागे जातं: पाण्याची टाकी, बॅटऱ्या, कपाटं. त्यामुळे पावसाळ्यात एखाद्या फार्महाऊसच्या लाल मातीच्या चढावर भरलेल्या विंगरची पुढची चाकं हलकी पडून जागेवर फिरतात. ट्रॅव्हलर तिथे सरस. उलट डांबरी रस्त्यावर विंगर बुटकी, स्थिर आणि चालवायला कारच्या जवळची वाटते. डांबर सोडून फारसं जायचं नसेल तर विंगर वाईट नाही. फक्त तिला वेगळी चॅसी नसून बॉडीच भार उचलते. कुणी खिडकीसाठी किंवा छतावरच्या एसीसाठी आडवं-तिडवं कापलं असेल, तर ती गाडी नको.

आरसीवर काय लिहिलंय ते आधी वाचा

फोनवर पहिला प्रश्न किमतीचा नको. "आरसीवर व्हेइकल क्लास काय आहे?" हे विचारा आणि आरसीचा फोटो मागवा. "आरसी काय हो, नंतर करून घेऊ की," असं उत्तर आलं तर पेट्रोल वाचलं असं समजा.

सरकारच्या 'वाहन' या नोंदणी प्रणालीत 'मोटर कॅराव्हॅन' आणि 'कॅम्पर व्हॅन / ट्रेलर' असे वेगळे क्लास आहेत. यांपैकी एक लिहिलेलं असेल तर गाडी रीतसर आहे. 'ओम्नी बस (प्रायव्हेट यूज)' लिहिलेलं असून आत ओटा आणि पलंग असेल, तर कागद आणि गाडी जुळत नाहीत. 'मॅक्सी कॅब', 'ॲम्ब्युलन्स' किंवा स्कूल बस असेल तर प्रश्न आणखी वाढतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एकवेळ दंड परवडेल. खरा धोका विम्याचा आहे. १७ सीटची बस म्हणून विमा काढलेली गाडी घाटात उलटली आणि आत गॅसची शेगडी सापडली, तर कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं.

मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्या मानकाप्रमाणे मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरने काम केलं असेल तर मालकाकडे त्याचं प्रमाणपत्र असतं आणि त्यावरूनच आरसीवर क्लास बदललेला असतो. प्रमाणपत्राची प्रत मागा. "काम त्याच प्रतीचं आहे" या वाक्याला किंमत नाही. आधीच हौसेने केलेल्या कामाला मागाहून मान्यता मिळवणं फार कठीण असतं, आणि ते ओझं तुम्ही विकत घेऊ नये.

पिवळी पाटी असेल तर गाडी व्यावसायिक आहे. तिला योग्यता प्रमाणपत्र लागतं: ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. खासगी करायची तर परमिट परत करणं, कराचा फरक भरणं, पाटी बदलणं हे सगळं आलं. ही प्रक्रिया विकणाऱ्याने त्याच्याच नावावर पूर्ण करावी, तोवर फक्त टोकन द्यावं.

मग बाकीचे कागद. सातारा एमएच-११, कऱ्हाड एमएच-५०, सांगली एमएच-१०. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून विमा, पीयूसी, योग्यता आणि बोजा तपासा. थकलेले ई-चलान वेगळे बघा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. १५ वर्षांची मुदत कधी संपते ते पाहा, कारण नूतनीकरणासोबत पर्यावरण करही येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा. नसेल तर हस्तांतरण अडतं.

सांगलीकरांना चिकोडी-बेळगावकडची, म्हणजे केए-२३ किंवा केए-२२ ची, स्वस्त गाडी नेहमी मोहात पाडते. तिला फॉर्म २८ चं ना-हरकत पत्र लागतं आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. कर्नाटकात भरलेला कर परत मिळवणं हे वेगळं काम. हा हिशेब किमतीत धरल्यावर ती स्वस्त राहते का ते पाहा.

जागेवर गेल्यावर चॅसी नंबर स्वतः शोधा. घाण पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. उमटलेले आकडे आरसीशी एकेक करून जुळवा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल उमटला, ओळ वाकडी गेली किंवा आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर चहा पिऊन परत या.

परवान्याची चिंता मात्र सहसा नसते. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) परवान्यावर चालते.

पुरात राहिलेली गाडी कशी ओळखायची

सांगलीत हा तपास टाळून चालत नाही. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर आले. आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेलं आणि गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात राहिल्या. पुरातली टुरिस्ट गाडी कॅम्परसाठी सोयीची पडते, कारण सीट काढायच्याच असतात, जमिनीला नवा प्लाय लागायचाच असतो आणि नव्या कामाखाली जुन्या खुणा झाकल्या जातात. म्हणून आतलं काम जितकं नवं, तितकं खाली जास्त बघा.

ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. पहिला दीड-दोन फूट पट्टा रोज हाताळलेला, म्हणून स्वच्छ असतो. रिळात गुंडाळलेला शेवटचा भाग कुणी धूत नाही. तिथे तपकिरी आडवी रेघ किंवा बोटाला लागणारी बारीक माती दिसली की उत्तर मिळालं. पुढे सीटच्या रुळांची खालची बाजू, डॅशखालच्या फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, जॅक ठेवायच्या खणातला काळा गाळ, आणि पायरीच्या प्लॅस्टिकमागची पोकळी. गाडी पुराच्या तारखांआधीची असेल तर त्या वेळी ती कुणाच्या नावावर आणि कुठल्या पत्त्यावर होती ते विचारा. विम्याचा इतिहासही मागा.

इंजिन पुन्हा चालू होतं, त्यात नवल नाही. त्रास वायरिंग देतं, तोही वर्ष-दोन वर्षांनी, एकेका जोडात.

पत्रा आणि छत

ही तपासणी जून ते सप्टेंबरमध्ये करा. मालक "पाऊस थांबू दे, मग या" म्हणत असेल तर पावसातच जा. उन्हाळ्यात पाहायची वेळ आलीच तर गाडी वॉशिंग सेंटरवर नेऊन छतावर साध्या पाइपने २० मिनिटं पाणी सोडा. प्रेशर गन नको, तिने चांगला सीलही फाटतो. कुणीतरी आत टॉर्च घेऊन बसावं.

पाणी शिरतं ते छताला पाडलेल्या भोकांतून: सोलर पॅनेलच्या चौकटीचे स्क्रू, हवेचा झरोका, एसीची चौकट, मागच्या शिडीचे बोल्ट. गळती थेंब पडतो तिथे नसते. पाणी पत्र्याच्या पन्हळीतून वाहत जाऊन दोन-तीन फूट पुढे उतरतं. छतावर चढून सील बघा. पॉलियुरेथेनचा सीलंट रबरासारखा दबतो आणि पत्र्याला धरून राहतो. न्हाणीघरातला पारदर्शक सिलिकॉन मारला असेल तर तो काठाने सुटतो, आणि पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर दुसरं काही चिकटत नाही. डांबरी पट्टीवर पट्टी दिसली तर गळती जुनी आहे.

आत खिडकीच्या खालचा कोपरा, कपाटाची मागची बाजू आणि जमिनीच्या कडा सुताराच्या टोच्याने दाबून पाहा. कोरडा प्लाय टोच्याला अडवतो, कुजलेला लोण्यासारखा आत घेतो. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी पहिल्यांदा दार उघडताना तिथे हजर राहा. ओल्या गोणपाटासारखा वास म्हणजे भिंतीतली ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचतंतूंचा थर) भिजलेली आहे. ती बदलायची तर सगळं लाकूडकाम उतरवावं लागतं. फ्रेशनरचा वास फार असेल तर तोही पुरावाच.

गंज खालून बघा. चाकांच्या कमानी, दाराचा उंबरठा, पायरीचा तळ, पुढच्या काचेची खालची कड. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बाजूने फिरवा. जिथे पकडत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. एमएच-०८ किंवा एमएच-०७ म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गाची गाडी असेल तर हा तपास दुप्पट वेळ घेऊन करा. खाऱ्या हवेचा गंज चॅसीच्या आतल्या बाजूने येतो. सगळीकडे नुकतंच काळं अंडरकोटिंग मारलेलं असेल तर एक-दोन जागी खरवडून पाहू द्या म्हणा. नाही म्हणाले तर नाही.

काट्यावर न्या

वजनाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि सगळ्यात महाग पडतं तेही वजनच. आपल्याकडे तर सबब नाही: ऊसपट्ट्यात दर काही किलोमीटरवर वजनकाटा आहे. गळीत हंगामात तिथे ट्रॉल्यांची रांग असते, तेव्हा दुपारची वेळ धरा.

डिझेल आणि पाण्याची टाकी भरून, माणसं उतरवून तीन वजनं घ्या: अख्खी गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. पावत्या ठेवा. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं, अशी दोन वजनं असतात. दुसऱ्याशी तुलना करायची. समजा आरसीवर एकूण वजन ३,५०० किलो आहे आणि काटा ३,२८० दाखवतो. उरले २२० किलो. चौघांचे २४०, अंथरूण-भांडी-कपड्यांचे ८०. म्हणजे घरातून निघतानाच गाडी १०० किलोने जास्त. त्यातले बहुतेक किलो मागच्या धुऱ्यावर जातात, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, टायर तापतात आणि उतारावर ब्रेक कमी पडतो.

हे वजन कुठून येतं? १९ मिमी प्लायचा ८ बाय ४ चा तावच सुमारे ३५ ते ४० किलोचा. घरच्या फर्निचरची सवय असलेला सुतार सगळीकडे १९ मिमी वापरतो. ८ ताव झाले की ३०० किलो. कॅम्परमध्ये ९ आणि १२ मिमी पुरतो. ग्रॅनाइटचा ओटा बसवलेल्या गाड्याही दिसतात: ४ बाय २ फुटांची फरशी ३५ किलोच्या आसपास, आणि खड्ड्यात तडकते ती वेगळीच. १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी ५५ किलोच्या घरात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. जास्तीचं वजन ओट्या-कपाटांत असेल तर काढता येतं, म्हणून गाडी लगेच नाकारू नका. काढायचा खर्च किमतीतून वजा करा.

टायरची नक्षी बघून फसू नका. कॅम्पर उभीच फार असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ६ वर्षांपुढचे असतील तर स्टेपनीसकट पाच टायरचा खर्च धरा.

घाटात चालवून बघा

सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच वाटते. साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला जा, वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला, कऱ्हाडहून पाटणमार्गे कुंभार्ली. पाण्याची टाकी भरलेलीच ठेवा.

इंजिन थंड असताना पोचा. मालकाने आधीच सुरू करून ठेवलं असेल तर बोनेटला हात लावा आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. थंड स्टार्टला थोडा धूर चालतो. निळा धूर टिकून राहिला तर ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा असेल तर हेड गॅस्केटकडे बघा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. झाकण उडतंय, आतून फसफस धूर येतोय, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. हॅन्डब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा: इंजिन बंद पडलं पाहिजे. फिरतच राहिलं तर क्लच प्लेट संपली.

चढावर तापमानाचा काटा आणि गिअर घसरून बाहेर येतो का ते बघा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, मध्ये दोनदा नीट ब्रेक दाबा. पेडल खाली गेलं, जळका वास आला किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर ब्रेकचं पूर्ण काम आणि वजनाचा पुन्हा हिशेब. शेवटी सपाट जागी उभी करून मागून बघा: एक बाजू झुकलेली असेल तर पाटा बसलाय किंवा टाकी-बॅटऱ्या एकाच बाजूला आहेत.

प्रवासात मागे कोण कुठे बसणार हेही आत्ताच बघा. प्रत्येक माणसाला पुढे तोंड असलेली सीट आणि चॅसीच्या लोखंडाला बोल्ट मारलेला बेल्ट हवा. प्लायच्या खोक्यावर स्क्रू मारलेला बेल्ट धडकेत माणसासकट पुढे येतो. आडव्या सोफ्यावर पोरांना बसवून घाट उतरणं बंदच समजा. आजी-आजोबा येणार असतील तर पहिल्या पायरीची उंची मोजा. दीड फुटाच्या वर असेल तर बाहेर येणारी पायरी लागेल. मुलांच्या बंकला किमान २४ इंच रुंदी आणि काठाला आडवी पट्टी हवीच.

आतलं घर: वीज

मालक म्हणतो "सगळं सोलरवर चालतं." कागद-पेन घ्या. ५० वॅटचा १२ व्होल्ट फ्रीज निम्मा वेळ चालला तर दिवसाला ६०० वॅट-तास. १५ वॅटचे ३ पंखे ८ तास: ३६०. दिवे, मोबाइल, पंप मिळून दीडशे. झाले साधारण १,१००. लेड बॅटरीचा निम्माच साठा वापरावा लागतो, म्हणजे १५० एएचमधून ९०० मिळतात. १०० एएचची लिथियम साडेअकराशेपर्यंत देते. २०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ६५० ते ७०० भरून काढतं. जुलैत महाबळेश्वरच्या धुक्यात त्यातलं फारसं काही हाती लागत नाही. तिथे बॅटरी भरते ती गाडी चालवताना, म्हणून अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरून) चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर आहे का ते पॅनेलपेक्षा आधी विचारा.

एक टनाचा एसी सुमारे १,००० वॅट खातो. कॉम्प्रेसर निम्माच वेळ चालला तरी रात्रभरासाठी १०० एएचच्या चार-पाच लिथियम लागतील. म्हणजे एसी फक्त बाहेरची वीज मिळेल तिथे. इंडक्शनचंही तेच: १,५०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअर.

परीक्षा सोपी आहे. आदल्या संध्याकाळी चार्जर काढून फ्रीज चालू ठेवायला सांगा आणि सकाळी मीटर लावा. लेड बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली असेल तर तिचं आयुष्य उतरणीला लागलंय. लिथियमचं व्होल्टेज फसवं असतं, तिला प्रत्यक्ष किती तास चालली तेच मोजा.

वायरची जाडी बघा. ४ मीटर अंतरावर २० अँपिअर न्यायचे तर २.५ चौरस मिमी वायरमध्ये सव्वा व्होल्ट जातो, आणि बॅटरी चांगली असूनही फ्रीज बंद पडतो. ६ चौरस मिमीमध्ये अर्धाच व्होल्ट जातो. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज नसेल तर ती गाडी आग लागायची वाट बघतेय. बाहेरून २३० व्होल्ट घ्यायच्या जागी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा, त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. आणि शेतावर मुक्काम केला तरी मोटारीच्या स्टार्टर पेटीतून कनेक्शन ओढू नका. तिथे थ्री-फेज असतो. न्यूट्रल चुकला की ४०० व्होल्ट आत येतात.

गॅस, पाणी, संडास

एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला की जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी, गाडीच्या बाहेर उघडणारं तळहाताएवढं भोक लागतं. वरची जाळी शोभेची. १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर नको, ५ किलोचं छोटं पट्ट्याने उभं बांधलेलं ठेवा. रबरी नळीवर आयएसआय शिक्का आणि तारीख असते. ५ वर्षांपुढची असेल तर बदला. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. स्वयंपाक करताना छताचा झरोका आणि एक खिडकी उघडी राहते का ते पाहा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर बसवा. अडचणीच्या क्षणी बाहेर पडायला मागचं दार आतून उघडतं का, हेही एकदा करून बघा.

पाणी काटकसरीने माणशी १५ लिटर धरा. चौघांना ६०, म्हणजे १०० लिटरची टाकी दीड दिवस. टाकीत हात जाईल एवढं झाकण हवं, नाहीतर शेवाळ कधीच निघत नाही.

कॅसेट टॉयलेटच्या (मैल्याचा डबा काढून रिकामा करायच्या संडासाच्या) जाहिराती कागद वापरणाऱ्या लोकांसाठी असतात. आपण पाणी वापरतो. एका वेळेला दीड-दोन लिटर धरले तर १८ लिटरची कॅसेट दहा वापरांत भरते: चौघांचा एक दिवस. ती रात्रीपुरती आणि म्हाताऱ्यांसाठी ठेवा, सकाळी ढाबा किंवा रिसॉर्ट गाठा. रिकामी करायची ती घरच्या सेप्टिक टँकमध्ये किंवा मुक्कामाच्या जागी विचारून; ओढ्यात नाही. गाडीखाली मैल्याची टाकी लोंबत असेल तर जमिनीपासूनचं अंतर मोजा. यवतेश्वरच्या वळणांवरचं ओबडधोबड डांबर तिला ठेवणार नाही.

व्यवहार

५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार करा. त्यात चॅसी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, कुठली कामं विकणारा करून देणार, आणि ताबा दिल्याची तारीखच नव्हे तर वेळही लिहा. त्या क्षणाआधीचे चलान त्याचे, नंतरचे तुमचे. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख व्यवहार आयकर कायद्याला चालत नाही. पैसे बँकेतून द्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या ताबा घेतानाच घ्या. राज्यातल्या गाडीची विक्री विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते, बाहेरच्या राज्यातली असेल तर ४५. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढलेला दिसेल. पॉलिसीवर गाडीचं वर्णन आरसीप्रमाणेच आहे ना, आणि सोलर, बॅटरी, फ्रीज वेगळे नोंदवलेत ना, हे वाचून घ्या.

ताबा घेण्याआधी गाडीची उंची एसीसकट फूटपट्टीने मोजा आणि आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवा. गावच्या कमानी, रेल्वेखालचे बोगदे आणि जुन्या रस्त्यांवरची वडाची झाडं तो आकडा विचारतात. घराजवळच्या बोळात, वळणासह, एकदा रिकामी गाडी आणून बघा.

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गॅसची नळी बदला, आधीच बदलल्याचं मालकाने कितीही सांगितलं असलं तरी. पाण्याची टाकी ब्लीचिंगच्या पाण्याने रात्रभर भरून धुवा. मग एक रात्र घराच्या दारातच गाडीत झोपा, सगळ्यांनी. कुणाचे पाय बाहेर येतात, पंप रात्री किती आवाज करतो, आजीला अंधारात पायरी सापडते का, याची यादी काढा. सुताराला बोलवायचं ते त्यानंतर.